रोह्यासाठी काडतूस कोणतं, हे परवानगीच्या कागदावर लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रोही (म्हणजे नीलगाय) आणि रानडुकरांच्या त्रासावर आपल्या अंकात बरेच दिवस पत्रं येताहेत. सरसकट मारायची मुभा द्या, असं कोणी लिहितं. मुक्या जनावराला मारणं पाप आहे, असं कोणी कळवळून सांगतं. मी दोन्ही बाजू मन लावून वाचल्या. माझं वावर मंगरूळपीर तालुक्यात, साडेसात एकर. खरिपात तूर-सोयाबीन, रब्बीत हरभरा. दहा-बारा रोह्यांचा कळप घाट्यावर आलेल्या हरभऱ्यात एक रात्र बसला की सकाळी काय दिसतं, ते मला कोणी शिकवायला नको. जे खात नाहीत ते तुडवतात, आणि ठरलेल्या जागी येऊन लेंड्यांचा ढीग घालतात, त्या जागेवर पुढे वर्षभर पीक धरत नाही. म्हणून मारावं की मारू नये, या वादात मी पडत नाही. ज्याला कायद्याने परवानगी मिळाली त्याने कशाने मारावं, याबद्दल आजवर एकाही पत्रात एक ओळ आलेली नाही. मला लिहायचं आहे ते तेवढ्याचबद्दल.

मी बावीस वर्षं फौजेत होतो, ईएमईत, म्हणजे फौजेच्या यंत्र-हत्यारं दुरुस्तीच्या विभागात, आर्मोरर. बंदूक चालवणारे पुष्कळ असतात, आर्मोररचं काम बंदूक उघडायची. नळी आतून खाल्ली गेली का, माशी (नळीच्या टोकावरचा नेम धरायचा खुंट) हलली का, काडतूस पुरतं बसतं का, चापाचं वजन किती, हे बघण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. निवृत्तीनंतर परवाना घेऊन .315 ची (हे गोळीचं इंचातलं माप) रायफल घेतली. गावात मला सगळे फौजीभाऊ म्हणतात, आणि कोणाच्या बंदुकीत काही अडलं की ती माझ्या ओसरीवर येते. त्यामुळे आमच्या भागात कोणाकडे काय आहे आणि ते कोणत्या अवस्थेत आहे, हे मला चांगलं ठाऊक आहे.

मागच्या पौषातली गोष्ट. पहाटे साडेपाचला शेजारच्या वावरातला सालदार धापा टाकत आला. "फौजीभाऊ, नाल्यात रोही बसून हाये. मानसाले पाहून बी उठत नाही." आम्ही गेलो. काळा नर होता, उभा असता तर खांदा माझ्या छातीला लागला असता. गळ्यावरचा पांढरा डाग मळून तपकिरी झालेला. मागचा पाय पोटाखाली दुमडलेला आणि कुशीवर माश्यांचा असा थर की आधी मला ती काळी जखमच वाटली. जवळ गेल्यावर थर उठला, वास आला, आणि आत अळ्या वळवळताना दिसल्या. जनावर आमच्याकडे बघत होतं. उठायचा त्याने एकदा प्रयत्न केला, पुढचे गुडघे टेकवले आणि पुन्हा बसलं.

चार रात्रींपूर्वी नाल्यापलीकडच्या एका शेतकऱ्याने परवानगी काढून त्याच्यावर बार टाकला होता. बारा बोअरची छर्ऱ्याची बंदूक, एलजीचं काडतूस, अंतर साठ-सत्तर पावलं. जनावर दचकलं, पळालं. 'लागला नसेल' म्हणून तो घरी जाऊन झोपला. त्याला मी दोष देत नाही, त्याने कायदा पाळला होता. आम्ही वनरक्षकाला फोन केला. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या 11 व्या कलमात, बरं होण्यापलीकडे गेलेल्या जनावराला लेखी आदेशाने मारता येतं, अशी तरतूद आहे. तो आदेश हातात पडेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. तोवर मी तिथेच पळसाखाली बसून होतो. त्याचा श्वास ऐकू येत होता, मध्येच अडकायचा आणि मग मोठा उसासा सुटायचा. आदेश आल्यावर दहा पावलांवरून मी एक गोळी घातली.

पशुवैद्यकीय डॉक्टरांनी पंचनाम्यासाठी पोट उघडलं. छर्रे निघाले चार. दोन आतड्यात, तिथे सगळं सडलेलं होतं. एक मागच्या मांडीत हाडापर्यंत. चौथा खांद्यावर, आणि तो नीट बघा म्हणून डॉक्टरांनी चिमट्याने माझ्यापुढे धरला. कातडीखालीच अडकलेला, एका बाजूने चपटा झालेला. आकार काबुली हरभऱ्याच्या दाण्याएवढा. नर रोह्याच्या मानेवर आणि खांद्यावर कातडी किती जाड असते, ते त्या चपट्या शिशात दिसत होतं.

संपादक महोदय, ज्याने बार टाकला त्याच्याकडे परवाना होता, परवानगी होती आणि नेमही वाईट नव्हता. काडतूस तेवढं चुकीचं होतं.

हे जरा उलगडून सांगतो. एलजीच्या काडतुसात मोजके सहा-आठ मोठे छर्रे असतात. नळीतून निघाले की ते पसरत जातात. पंचवीस-तीस पावलांवर रानडुकराला ते एका जागी, एका ताटाएवढ्या गोलात लागतात आणि जनावर तिथेच बसतं. साठ-सत्तर पावलांवर तेच छर्रे दाराएवढे पसरतात. एक इथे, एक तिथे, बाकीचे तुरीत. शिवाय गोल छर्ऱ्याचा वेग फार लवकर मरतो. दीड-दोनशे किलोच्या, क्वचित त्याहूनही भारी नराच्या अंगात तो काळजापर्यंत पोचतच नाही. बारा बोअरमध्ये एक गोळीचं काडतूस मिळतं, ते बरं. पण साध्या, माशी एवढंच साधन असलेल्या नळीतून चाळीस पावलांपुढे त्याचीही खात्री मी देणार नाही.

मग रायफल. इथे एक इतिहास आहे आणि तो आपल्या लोकांना माहीत असायला हवा. हिंदुस्थानात नागरिकाच्या हातात कोणत्या मापाची गोळी द्यायची, हे जनावर बघून कधी ठरलंच नाही. ती गोळी उद्या सरकारवर उलटेल का, हे बघून ठरलं. 1907 साली इंग्रज सरकारने .450 मापाच्या रायफली आणि काडतुसं इथे आणायला बंदी घातली, कारण फौजेच्या जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुकांत ती गोळी वापरता येईल अशी धास्ती होती. वाघ-गव्याच्या शिकारीसाठी बंदुका बनवणाऱ्या विलायती कारखान्यांनी मग .470, .465 अशी शेजारची मापं काढली. फौजेची .303 नागरिकाला मिळायची नाही, म्हणून बीएसए या विलायती कंपनीने ऑस्ट्रियाच्या जुन्या 8 मिलिमीटर काडतुसावरून .315 ची रायफल काढली. तीच पुढे आपल्या बंगालमधल्या इच्छापूरच्या सरकारी कारखान्यात होऊ लागली, आणि आजही परवानाधारकाच्या घरी रायफल असली तर बहुतेक करून तीच असते. .303 आणि फौजेची 7.62 मिलिमीटर आजही निषिद्ध बोअर, म्हणजे नागरिकाला बंद. .30-06 मात्र चालते, आणि गंमत अशी की ती 7.62 पेक्षा कणभर जास्तच ताकदीची आहे. अमेरिकेच्या फौजेने 1906 साली घेतलेलं ते काडतूस. आपल्या फौजेचं नाही, म्हणून मोकळं राहिलं.

.315 ला लोक जुनाट म्हणून नाकं मुरडतात. मी मुरडत नाही. तिची गोळी जड आहे, 244 ग्रेन, म्हणजे सोळा ग्रॅमच्या आसपास. वेग बेताचा, सेकंदाला सहाशे मीटरच्या जरा पुढे. जड गोळी बेताच्या वेगाने गेली की आत खोल जाते, वरवर फुटून विखरत नाही. शंभर मीटरच्या आत, आडव्या उभ्या रोह्याच्या पुढच्या पायामागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात ती लागली तर जनावर पन्नास-साठ पावलं पळतं आणि कोसळतं. काळीज आणि फुप्फुस तिथेच असतं. बरेच जण पाठीच्या मध्यावर नेम धरतात, कारण अंधारात विजेरीच्या उजेडात तोच भाग मोठा दिसतो. तिथे लागलेली गोळी कण्याखालून आरपार जाते आणि जनावर दोन दिवसांनी कुठेतरी मरतं.

पण अंतर वाढलं की .315 खाली येते. हे मला माहीत होतं, आणि माहीत असूनही मी चुकलो. पाच वर्षांपूर्वी रीतसर परवानगीने एका मोठ्या डुकरावर मी दोनशे मीटरवरून गोळी टाकली. फौजेत दोनशे मीटर म्हणजे काहीच नाही, हा डोक्यात भरलेला हिशेब. पण तो हिशेब एसएलआरचा, म्हणजे फौजेच्या 7.62 रायफलीचा होता. शंभरावर बसवलेली .315 दोनशेवर एक वीत तरी खाली जाते. त्याच अंतरावर .30-06 ची 180 ग्रेनची गोळी दहा-बारा सेंटिमीटरच पडते. माझी गोळी डुकराच्या पुढच्या पायावर लागली. पाय मोडला आणि ते तीन पायांवर उसात शिरलं. माग काढत आम्ही दुपारपर्यंत हिंडलो तेव्हा सापडलं. त्या दिवसापासून मी शंभर मीटरपुढे बार काढलेला नाही आणि काढणारही नाही.

दुसरी बाब गोळीच्या टोकाची. फौजेची गोळी पूर्ण कवचाची असते, शिसं सगळं तांब्याच्या वेष्टनात बंद. 1899 च्या हेगच्या जाहीरनाम्याने युद्धात फुलणारी गोळी वर्ज्य केली, आणि ती ज्या गोळीमुळे बदनाम झाली ती कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यातली. शिकारीत नियम अगदी उलटा. तिथे मऊ टोकाची, आत गेल्यावर भुईछत्रीसारखी फुलणारी गोळी लागते, कारण बारीक भोक पाडून आरपार गेलेली गोळी जनावराला लवकर मारत नाही आणि पलीकडे उभ्या असलेल्या दुसऱ्या जनावराला जखमी करते. म्हणूनच युरोप-अमेरिकेत बहुतेक ठिकाणी हरणासारख्या जनावरावर पूर्ण कवचाची गोळी वापरायला मनाई आहे. आपल्याकडे परवानगीच्या कागदावर याचा उल्लेख मी आजवर बघितलेला नाही.

मागे गावात बोलणं निघालं तेव्हा एका शिकलेल्या तरुणाने मला बेलसाहेबाचं उदाहरण दिलं. डब्ल्यू. डी. एम. बेल या शिकाऱ्याने आफ्रिकेत हजाराहून जास्त हत्ती मारले आणि त्यातले बहुतेक 7 मिलिमीटरच्या लहान गोळीने. म्हणजे काडतूस कोणतंही चालतं, नेम पाहिजे, असं त्याचं म्हणणं. गोष्ट खरी आहे, पण अर्धी. बेलने हत्तीची कवटी उभी कापून मेंदू नेमका कुठे बसतो ते बघितलं होतं. तो पूर्ण कवचाची लांब गोळी वापरायचा, कारण हाडातून सरळ मेंदूपर्यंत जायला तीच लागते. म्हणजे त्याने काडतूस विचार करूनच निवडलं होतं. आणि त्याचं सगळं आयुष्य त्याच कामात गेलं. आमच्या गावातला माणूस वर्षातून एक बार काढतो, तोही रात्री, थंडीने हात आखडलेले असताना. त्याला बेलचा दाखला देणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला नदीचा पूर दाखवणं.

जगात इतरत्र हे कसं करतात तेही सांगतो. नामिबियात जनावराच्या आकारावर गोळीची किमान ताकद ठरवली आहे. लहान स्प्रिंगबॉक हरणाला 1350 ज्यूल, कुडू आणि ओरिक्स या मोठ्या हरणांना 2700, रानरेडा आणि हत्तीला 5400. आपला नर रोही साधारण त्या मधल्या वर्गातला. आमची .315 नळीच्या तोंडाशी तीन हजारांच्या आसपास भरते, म्हणजे बसते, पण फार उरत नाही. एलजीचा एकेक छर्रा या हिशेबात कुठेच बसत नाही. आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत रानरेडा-हत्तीसाठी .375 हे किमान माप धरतात. हॉलंड अँड हॉलंडने ते 1912 साली काढलं. नॉर्वेत मोठ्या जनावराच्या शिकारीला जायचं तर दर वर्षी परीक्षा: आधी सरावाच्या गोळ्या झाडायच्या आणि मग शंभर मीटरवरच्या चित्रावर पाच गोळ्या, पाचही तीस सेंटिमीटरच्या गोलात.

आणि आपला रोहीसुद्धा परदेशात आहे. टेक्सासच्या दक्षिणेला किंग रँच नावाच्या अफाट कुरणात 1920-30 च्या दशकांत रोही नेऊन सोडले, आता ते तिथे मोकाट आहेत. माझा पुतण्या ह्यूस्टनला नोकरीला आहे. त्याच्या ऑफिसातली माणसं रोह्याच्या शिकारीला जातात. त्याने विचारलं तर ते म्हणाले, इथल्या हरणाला पुरणारी रायफल रोह्याला पुरत नाही, .300 मॅग्नम तरी घेऊन ये. ज्या देशात हे जनावर शंभर वर्षांपूर्वी गेलं त्यांना त्याच्या कातडीचा अंदाज आला. आपल्या वावरात ते पिढ्यान् पिढ्या चरतंय आणि आपण त्याच्यावर एलजी टाकतोय.

ताकद वाढवा म्हटलं की दुसरा धोका पुढे येतो, तोही लपवून चालणार नाही. रायफलची गोळी दोन-तीन किलोमीटर सहज जाते. आमच्याकडे सपाट काळी जमीन, रात्री धुऱ्याधुऱ्यावर जागलीला बसलेली माणसं, पहाटे वेचणीला निघालेल्या बाया. जनावराच्या मागे माती नसेल तर चाप ओढायचाच नाही. म्हणून मी जमिनीवर उभं राहून बार टाकत नाही. वावरात बारा फुटांचा माळा बांधला आहे. वरून खाली टाकलेली गोळी जनावरातून पार झाली तरी जमिनीत घुसते. बोलायला साधी गोष्ट आहे, पण परवानगी देताना 'माळा आहे का' असं मला कोणी कधी विचारलं नाही.

सरावाची अडचण वेगळीच. परवानाधारकाला चार गोळ्या झाडून माशी तपासायची तर जागा नाही. त्यात दर निवडणुकीला हत्यारं ठाण्यात जमा. मागच्या खेपेला माझी रायफल परत आली तेव्हा नळीत गंज होता आणि माशी एका बाजूला ठोकली गेलेली. मी आर्मोरर, मला ते कळलं. दुसरा कोणी तशीच घेऊन रात्री माळ्यावर चढला असता. काडतुसांचंही तेच. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने माझ्याकडे आणलेली बारा बोअरची काडतुसं इतकी जुनी आणि ओलीने फुगलेली होती की नळीत बसेनात. त्याने ती उन्हात वाळवून, चाकूने खरवडून बसवायचा विचार केला होता. मी ती ठेवून घेतली नाहीत, रीतसर जमा करायला लावली.

2016 साली बिहारात मोकामा भागात दोनशेहून अधिक रोही मारले गेले तेव्हा दिल्लीत केंद्रीय मंत्र्यांमध्ये जाहीर वाद झाला. तो वाद मारावं की नाही, एवढ्यावरच राहिला. तीन वर्षांनी त्याच राज्यात वैशाली जिल्ह्यात गोळी लागून अर्धमेला झालेला रोही जेसीबीने खड्ड्यात ढकलून जिवंत पुरतानाचं चित्रीकरण देशभर फिरलं. मी ते एकदाच बघितलं. मारायची परवानगी आहे पण नीट मारायची सोय नाही, तिथे असं होतं. आमच्या नाल्यातल्या नराचंही तेच होत होतं, फक्त हळूहळू.

म्हणून माझी वनखात्याला आणि जिल्हाधिकाऱ्यांना आपल्या पत्रातून विनंती आहे. परवानगीच्या कागदावर जनावराचं नाव आणि मुदत असते, त्याखाली चार ओळी वाढवा. रोह्यासाठी .315 किंवा त्याहून भारी रायफल, मऊ टोकाची गोळी, शंभर मीटरच्या आत, आणि मागे माती असल्याशिवाय बार नाही. बारा बोअर फक्त रानडुकरासाठी, तीस-पस्तीस पावलांच्या आत. जखमी जनावराचा माग उजाडल्यावर काढणं ही बार टाकणाऱ्याची जबाबदारी, आणि त्यासाठी वनरक्षक सोबत. परवानगी देण्याआधी त्या माणसाने पन्नास मीटरवर तीन गोळ्या एका ताटात टाकून दाखवाव्यात. ज्याच्याकडे रायफल नाही त्याला शेजारच्या गावच्या परवानाधारकाला बोलावण्याची मुभा त्याच कागदात असावी. यातल्या कशालाही नवा कायदा लागत नाही.

तालुक्याला एक जागा द्या, मागे उंच मातीचा बांध असलेली. एखाद्या पाझर तलावाची भिंत सोडून कुठलीही चालेल. पोलीस आणि वनखात्याचा माणूस हजर असू द्या. महिन्यातून एक रविवार मी तिथे येऊन परवानाधारकांच्या माश्या बसवून देईन, काडतुसं तपासून देईन, नेम कुठे धरायचा ते जनावराच्या चित्रावर दाखवीन. पैसे नकोत, माझी हत्यारांची पेटी अजून शाबूत आहे. गेल्या महिन्यात असा लेखी अर्ज मी देऊन आलो आहे. सोबत पंचनाम्यातल्या त्या चपट्या छर्ऱ्याचा फोटोही जोडला आहे. पोच मिळाली, उत्तराची वाट बघतो आहे. हरभरा पुन्हा घाट्यावर येतोय.

कळावे,
आपला नम्र,
एक माजी सैनिक व शेतकरी,
ता. मंगरूळपीर, जि. वाशिम